‘परत अडकतंय!’ : संगणकावरून गाणं ऐकताना येणारी टकटक, खंड, खरखर आणि हमिंग

आमच्या घरात या तक्रारीला एकच नाव होतं, ‘अडकतंय’. मी सोप्यात बसून ऐकत असलो की आतून बायको विचारायची, “परत अडकतंय का हो?” आणि मी हो म्हणायचो. तीन वर्षं हेच चाललं. या काळात मी एक स्टॅबिलायझर घेतला, दोनदा यूएसबी केबल बदलली, एकदा विंडोज पुसून नव्याने टाकलं. गंमत म्हणजे प्रत्येक उपाय लागू पडला! तीन-चार आठवडे सगळं सुरळीत चालायचं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. फार उशिरा लक्षात आलं की मी ज्याला गुण आला म्हणत होतो, तो बहुतेक वेळा ऋतू बदललेला असायचा.

आधी माझी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. फोंडा तालुक्यातलं जुनं घर, चिऱ्याच्या जाड भिंती. विंडोजचा लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला छोटा डॅक, म्हणजे फाइलीतल्या आकड्यांची विजेची लहर करणारी डबी. डॅकमधून लाल-पांढऱ्या पिनांची आरसीए केबल स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला, तिथून तारा दोन स्पीकरना. गाणी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती आतल्या खोलीतल्या संगणकावर ठेवून वायफायने सोप्यात आणायचा प्रयोगही करून झाला. पण चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडताना पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल मान टाकतो, आणि २.४ वाला पोचला तरी धापा टाकत पोचतो. तो नाद सोडला.

संग्रह मुख्यतः बाबांचा. मोगूबाई, केसरबाई, मास्टर दीनानाथ, म्हणजे कुर्डी, केरी, मंगेशी, आमच्याच आसपासची माणसं. शिवाय जत्रेतल्या संगीत नाटकांच्या वेळी त्यांनी स्वतः भरलेल्या कॅसेटी. काही रेकॉर्डिंग ७८ च्या तबकड्यांवरून उतरवलेलं, काही सीडीवरून.

सुटका झाली ती भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे. वेर्ण्याला नोकरीला असलेला भाचा एका रविवारी आला होता. त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं तर तो म्हणाला, “मामा, अडकतंय म्हणजे नक्की कसं? टक होतं, थांबतं, की खरखरतं?” मला सांगता येईना. मग ठरवलं, पुढचे दोन महिने काहीही विकत घ्यायचं नाही, काहीही बदलायचं नाही, फक्त तारखेच्या चौकोनात लिहायचं. वेळ, कुठलं गाणं, कितव्या मिनिटाला, डावा स्पीकर की उजवा, लाइट आहे की गेलेली, बाहेर पाऊस आहे का, आणि आवाज कसा तो जमेल त्या अक्षरांत: ‘टक्’, ‘खर्र’, ‘घूं’. दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी ‘७.१० टक् टक् दोन्हीकडे, लाइट नाही’ असं वाचून पाहुण्यांनी काय समजूत करून घेतली असेल कोण जाणे. पण दोन महिन्यांनी पान उलटलं तेव्हा दिसलं की ‘अडकतंय’ नावाचा एक बिघाड नव्हताच. चार-पाच वेगवेगळे बिघाड एकाच नावाखाली नांदत होते. एक दुरुस्त केला की दुसरा डोकं वर काढायचा, आणि मला वाटायचं तोच परत आला.

दोष फाइलीतच आहे का?

हे सगळ्यात आधी पाहावं, कारण याला पैसा लागत नाही आणि दोन मिनिटांत निकाल लागतो. टक् ऐकू आली की घड्याळातला सेकंद टिपायचा, गाणं दहा सेकंद मागे न्यायचं आणि परत ऐकायचं. त्याच सेकंदाला तीच टक् आली तर दोष फाइलीत आहे. तुमची केबल, डॅक, वीज, सगळे निर्दोष. दुसऱ्या खेपेला ती जागा स्वच्छ वाजली तर फाइल बरी, दोष पुढच्या वाटेवर.

जुन्या तबकड्यांवरून आलेल्या रेकॉर्डिंगला आणखी एक खूण असते. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला पाऊण सेकंदाहून किंचित जास्त. तबकडीला आडवा ओरखडा असेल तर टक् नेमकी त्या अंतराने येत राहते, जणू गवयाला न विचारता कुणी वेगळीच लय धरली आहे. एलपीवरून उतरवलं असेल तर हेच अंतर १.८ सेकंदांचं होतं, कारण तिचे फेरे मिनिटाला ३३⅓. अशी नेमाने येणारी टक् संगणक सहसा करत नाही. संगणकाची टक् बहुधा बेताल असते.

फ्लॅक फाइल (आवाजातलं काहीही न गमावता आकाराने लहान केलेली) असेल तर आणखी एक सोय आहे. फ्लॅक बनवताना मूळ ध्वनीचा एमडी-५ ठसा, म्हणजे त्या आकड्यांवरून काढलेली एक पडताळणी-खूण, फाइलीच्या आतच लिहिला जातो. फ्लॅकच्या स्वतःच्या साधनात ‘टेस्ट’ नावाची सोय असते. ती फाइल उलगडते आणि ठसा जुळतो का ते सांगते. मी सगळी डिस्क रात्रभर तपासायला लावली, तर अकरा फाइली खराब निघाल्या. कधीतरी डिस्क नीट बंद न करता ओढून काढली होती, त्याचं हे फळ. पण एक लक्षात घ्या. ठसा जुळला म्हणजे फ्लॅक बनल्यापासून फाइल बिघडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. सीडीवरून उतरवतानाच टक् आत शिरली असेल तर ती टक्‌सुद्धा इमानेइतबारे जपलेली असते.

टकटक: लाइट गेल्यावर येणारी

कॅलेंडरवरच्या सगळ्यात जास्त नोंदी याच होत्या. दोन्ही स्पीकरमधून बारीक, कोरडी टक्, मिनिटाला पाच-सहा वेळा. वेळ बहुधा तिन्हीसांजेनंतरची. आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे ‘लाइट नाही’. पावसाळ्यात माडाचं एखादं झावळं तारेवर पडलं की अर्धा-पाऊण तास गेलाच म्हणून समजा.

माझा संशय इन्व्हर्टरवर. आमचा जुना, स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी लहर देणारा. त्यावर अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर मुळातच घुरघुरतो, तेव्हा टकटकही तिथूनच येत असणार हे मी गृहीत धरलं. स्टॅबिलायझर त्यापायीच आला. आता सांगायला लाज वाटते, पण स्टॅबिलायझरचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

उत्तर कॅलेंडरवरच होतं, फक्त मी ते नीट वाचलं नव्हतं. लाइट ७.१० ला गेली, टकटक ७.१० ला सुरू. लाइट ७.४५ ला आली, आणि टकटक थांबली ७.४८ ला. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. इन्व्हर्टरचा दोष असता तर लाइट येताक्षणी टकटक थांबायला हवी होती. ही मधली तीन मिनिटं कुणाची?

मग एक चाचणी केली, ती तुम्हीही करा. पुढच्या वेळी लाइट गेल्यावर लॅपटॉपचा चार्जर काढला आणि हेडफोन थेट डॅकला लावला. माझा डॅक लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालतो, त्यामुळे आता घरातल्या विजेशी काहीच जोडलेलं नव्हतं. ना इन्व्हर्टर, ना अ‍ॅम्प्लिफायर, ना स्पीकर. तरी टक् टक् चालूच. एका फटक्यात अर्धी साखळी निर्दोष सुटली आणि दोषी लॅपटॉप किंवा डॅक यांच्यातच आहे हे कळलं.

ती तीन मिनिटं राउटरची होती. राउटर आतल्या खोलीत, ज्या प्लगवर इन्व्हर्टरची लाइन नाही अशा ठिकाणी. लाइट गेली की तो बंद. लॅपटॉप मात्र चालू, आणि हरवलेलं वायफाय शोधत सैरभैर झालेला. लाइट आली की राउटर उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. तोवर शोध चालू आणि टकटकही चालू. लॅपटॉपचं वायफाय बंद केलं आणि टकटक जागच्या जागी थांबली. चालू केलं, पुन्हा सुरू. तीनदा करून पाहिलं, कारण तोवर माझा स्वतःवरचा विश्वास उडाला होता.

आता वायफायचा आणि यूएसबीचा काय संबंध, हा प्रश्न मलाही पडला. सीडीच्या दर्जाच्या आवाजात प्रत्येक चॅनेलचे (डावा, उजवा) सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे लहरीची मापं, असतात. साध्या यूएसबी डॅककडे ते दर मिलिसेकंदाला एक अशा पुडक्यांनी जातात. हिशेबाने एका पुडक्यात ४४.१ नमुने यायला हवेत, पण नमुन्याचा दशांश काही तोडता येत नाही. म्हणून नऊ पुडक्यांत ४४ आणि दहाव्यात ४५ असा मेळ घातला जातो. पेनड्राइव्हवर फाइल कॉपी करताना एखादं पुडकं बिघडलं तर यूएसबी ते परत मागवते. आवाजाच्या बाबतीत परत मागवणं नाही. ठेका चालू आहे. गवयाची मात्रा चुकली म्हणून तबलजी थांबत नाही, पुढच्या मात्रेवर जातो. पुडकं वेळेवर तयार नसेल तर तेवढी जागा रिकामी जाते, आणि कानाला ती टक् म्हणून ऐकू येते. त्यामुळे ‘त्याच यूएसबीवर फाइली तर छान कॉपी होतात’ हा पुरावा इथे चालत नाही.

ही पुडकी वेळेवर तयार ठेवायचं काम प्रोसेसरचं. पण विंडोजमध्ये कुठलाही ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम, थोडा वेळ प्रोसेसर अडवून बसू शकतो. वाईट लिहिलेला ड्रायव्हर जास्त वेळ बसतो. हे पाहायला लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम आहे. तो चालू ठेवायचा, गाणं लावायचं, आणि कुठला ड्रायव्हर सर्वांत जास्त वेळ खातोय ते बघायचं. माझ्याकडे एरवी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत राहणारा आकडा वायफाय शोधताना सात-आठ मिलिसेकंदांवर उडी मारत होता, आणि नाव येत होतं विंडोजच्या नेटवर्क थराचं. तुमच्याकडे ग्राफिक्सचं येईल, नाहीतर बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या ड्रायव्हरचं. एक सूचना: हा प्रोग्रॅम चार्जर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे चालवा. पुष्कळ लॅपटॉप बॅटरीवर गेले की वीज वाचवायच्या नादात वेगळेच वागतात.

उपाय तीन केले. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून वायफायचा नवा ड्रायव्हर टाकला; आकडा निम्म्यावर आला, टकटक कमी झाली पण गेली नाही. राउटरला इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलं. आणि तिसरा, खरा उपाय, माझीच एक जुनी आगळीक निस्तरली. डॅकच्या कंट्रोल पॅनलमध्ये बफर, म्हणजे पुढच्या आवाजाचा हाताशी ठेवलेला साठा, मी स्वतःच सर्वांत कमीवर नेऊन ठेवला होता. ‘बफर कमी तितका आवाज शुद्ध’ असं कुणीतरी ठासून सांगितलं होतं म्हणून. कमी बफर लागतो तो संगणकावर वाजवणाऱ्याला, म्हणजे पट्टी दाबली की लगेच स्वर यायला हवा असतो त्याला. ऐकणाऱ्याला सम दहावा हिस्सा सेकंद उशिरा आली म्हणून काय बिघडतं? बफर वाढवला की सात-आठ मिलिसेकंदांची दांडी तो निमूट पचवतो. फक्त त्याच डॅकवरून व्हिडिओ पाहत असाल तर ओठ आणि आवाज यांचा मेळ बसतो ना, तेवढं बघा.

इथे एक गल्लत होते. फूबार २००० सारख्या प्लेयरमध्येही बफरची पट्टी असते, आणि लोक ती वाढवून ‘काही फरक नाही’ म्हणतात. ती पट्टी डिस्ककडून उशीर झाला तर उपयोगी. ड्रायव्हर प्रोसेसर अडवतोय तर ड्रायव्हरचाच बफर वाढवायला हवा. सगळं विंडोजकडेच असेल आणि डॅकचं वेगळं पॅनल नसेल, तर प्लेयरमधून वासापी (विंडोजची डॅककडे आवाज पोचवायची वाट) शेअर्ड आणि एक्स्क्लुझिव्ह असे दोन्ही प्रकार लावून पाहा. एक्स्क्लुझिव्हमध्ये डॅक एकट्या प्लेयरच्या ताब्यात जातो, तेव्हा दुसरा कुठलाही आवाज त्यातून येत नाही आणि ब्राउझरमधला व्हिडिओ मुका होतो. तो बिघाड नव्हे.

खंड: मोठ्या ख्यालानंतर

याची नोंद विचित्र होती. गाणं मध्ये कधीच थांबायचं नाही. पण पस्तीस-चाळीस मिनिटांचा ख्याल संपला की पुढचं गाणं लागायला सहा-सात सेकंद शांतता, आणि त्या वेळी डिस्कमधून बारीक ‘टिक् घर्र’. तीन-तीन मिनिटांची नाट्यपदं एकापाठोपाठ लावली तर काहीच नाही.

कारण साधं आहे. प्लेयर मोठी फाइल आधीच वाचून मेमरीत घेतो. मग अर्धा तास डिस्कला कुणी विचारत नाही, आणि ती झोपते. पुढच्या गाण्याला तिला उठून फिरायला लागेपर्यंत तेवढा वेळ जातो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क बंद होण्याची मुदत शून्य, म्हणजे ‘कधीच नाही’, केली; यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (रिकामं यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद केलं. काही डिस्कच्या डबीत स्वतःचाच झोपेचा टायमर असतो, तो विंडोजला जुमानत नाही. तिथे डिस्क बनवणाऱ्याचं साधन लागतं किंवा सरळ एसएसडी, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली डिस्क. मी एसएसडी घेतली. ती झोपली तरी उठायला वेळ घेत नाही.

खरखर: जुलैतली, डावीकडची

आता गोव्यातल्या माणसाचा खास विषय. जुलैच्या नोंदी पाहिल्या तर टक् नाही, ‘खर्र’. फक्त डाव्या स्पीकरमधून. कधी डावा स्पीकर पार गप्प, आणि अ‍ॅम्प्लिफायरवर हलकी थाप मारली की परत जिवंत. पाऊस नसलेल्या दिवशी कमी, झड लागली की जास्त.

एकाच बाजूचा दोष असेल तर संगणकाला विसरा. विंडोज, ड्रायव्हर, यूएसबी यांचा बिघाड दोन्ही बाजूंना सारखा भोवतो. डावी-उजवी वेगळी होते ती डॅकच्या आउटपुटपाशी. तिथून पुढे पिना अदलाबदल करत जायचं. डॅककडच्या लाल-पांढऱ्या पिना उलट लावल्या. खरखर उजवीकडे गेली तर दोष डॅकमध्ये. डावीकडेच राहिली तर पुढे. मग अ‍ॅम्प्लिफायरकडच्या पिना, मग स्पीकरच्या तारा. एका वेळी एकच बदल, आणि स्पीकरच्या तारांना हात लावण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर बंद. माझ्याकडे दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या सॉकेटात निघाला. पिन काढून पाहिली तर तिच्यावर काळपट थर, आणि स्पीकरच्या तारेच्या टोकाला तांब्यावर हिरवट लोणा.

पावसाळ्यात आमच्याकडे हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. चामड्याच्या चपलांना बुरशी येते, पापड सादळतात, मीठ पाझरतं. मग पिनांनीच काय पाप केलंय? कळंगुट-मिरामारकडे राहणाऱ्यांना वर खारा वाराही आहे. डॅकमधून येणारा सिग्नल फार तर दोन व्होल्टचा. धातूवरच्या पातळ थरालाही तो अडखळतो. म्हणून पिन फिरवली की तात्पुरतं बरं वाटतं. तुम्ही तो थर खरवडलेला असतो, एवढंच.

माझा नेम आता असा. मृग लागायच्या आधी एकदा आणि चवथीच्या सुमारास एकदा सगळं बंद करून, प्लग काढून, प्रत्येक पिन कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसायची आणि चार-पाच वेळा आत-बाहेर करायची. स्प्रे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. खोबरेल, रॉकेल, शिवणयंत्राचं तेल यातलं काहीही नको. ते धूळ धरून ठेवतं. स्पीकरच्या तारेचं काळं-हिरवं टोक कापून नवं सोलायचं. आवाजाचा नॉब फिरवताना कडकड येत असेल तर दोष त्या नॉबच्या आतल्या पट्टीत आहे; तिथेही तोच स्प्रे, पण पोटेन्शिओमीटरला चालणारा बघून घ्या. आणि पावसाळ्यात अ‍ॅम्प्लिफायर रोज तासभर चालू ठेवायचा. त्याची स्वतःची ऊब आतली ओल धरू देत नाही. बायकोला हे माझं गाणं ऐकायचं निमित्त वाटतं. ते आहेच, पण खरंही आहे.

जाता जाता: एका वर्षी खरखर पिनांनी नव्हे तर मुंग्यांनी केली होती. अ‍ॅम्प्लिफायरच्या उबदार पोटात त्यांनी अंड्यांसकट बिऱ्हाड थाटलं होतं. ते मी स्वतः उघडलं नाही, कारण आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतात. ज्याला कळतं त्याच्याकडे नेलं.

फोमची कड असलेले जुने स्पीकर असतील तर कडेला बोट हलकं टेकवून बघा. फोम आमच्या हवेत काही वर्षांत भुसभुशीत होतो. डग्ग्याचा घुमारा आला की फडफड ऐकू येते आणि माणूस फाइलीला दोष देत बसतो. रबराची कड टिकते.

हमिंग: एप्रिल-मेमधलं

साळावली धरणाचं पाणी उतरलं की मे महिन्यात बुडालेलं कुर्डी गाव वर येतं, मोगूबाईंचं गाव. आमच्या स्पीकरमधलं ‘घूं’ त्याच हंगामात वर येतं आणि पाऊस स्थिरावला की बुडतं. मी याला उन्हाचा त्रास समजत होतो.

घूं ऐकताना आधी ते खर्जात आहे की त्यात किरकिर आहे हे बघावं. आपली वीज ५० हर्ट्झची; खोल, सलग घूं असेल तर ते ५० किंवा त्याच्या दुपटीचं, १०० चं. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं गेलं तर वाट सापडली. टीव्ही सेट-टॉप बॉक्समार्गे त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडला असेल तर छतावरच्या डिशची केबलही काढून बघा. दोन वस्तू दोन वेगळ्या प्लगांवरून अर्थ (अर्थिंग, जमिनीकडे जाणारी सुरक्षेची तार) घेत असतील आणि सिग्नलच्या केबलनेही जोडलेल्या असतील, तर एक वेटोळं तयार होतं आणि त्यातून घूं वाहतं. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणल्या की पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

माझं चार्जर काढून गेलं, पण एक्स्टेन्शन बदलून गेलं नाही. शिवाय उन्हाळ्यात लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवलं की झिणझिण्या यायच्या. ही खूण दुर्लक्ष करण्याजोगी नव्हे. चार्जरच्या आतल्या गाळणीतून थोडी वीज अर्थकडे जात असते. अर्थच धड नसेल तर ती लॅपटॉपच्या अंगावर आणि तिथून ऑडिओ केबलवर येते. वाड्यावरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा दाखवला. जांभ्या दगडाची जमीन, मे महिन्यात ठणठणीत कोरडी, आणि वर्षानुवर्षं कुणी तिथे पाणी घातलेलं नाही. कोरडी जमीन वीज नीट वाहू देत नाही. पावसात ओली झाली की अर्थ आपोआप सुधारायचा आणि माझं घूं जायचं. त्याने खड्डा नवा केला, सांधा बदलला, मीटर लावून मोजलं. आता मार्चपासून आठवड्यातून दोनदा तिथे बादलीभर पाणी जातं. झिणझिण्या गेल्या, घूं गेलं.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली तरी करू नका. घूं घालवायला तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढणे किंवा तिला टेप गुंडाळणे. घूं जातं खरं, पण उद्या आत काही शॉर्ट झालं तर ती वीज तुमच्या बोटातून वाट काढेल.

उरलेलं थोडक्यात

बाबांच्या एका कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलीत काळी एकचा गवई पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्येच कुठेतरी गायचा, तबलाही घाईत. ४४,१०० चं रेकॉर्डिंग फाइलीच्या माथ्यावर ४८,००० असं लिहिलं गेलं होतं. असं झालं की वेग जवळपास नऊ टक्क्यांनी आणि स्वर पेटीच्या जवळपास दीड पट्टीने, म्हणजे दीड सेमीटोनने चढतो. माथा दुरुस्त केला की गवई आपल्या पट्टीत परत.

गाण्याचा पहिला अर्धा सेकंद गिळला जात असेल, षड्‌जाची सुरुवातच ऐकू येत नसेल, तर डॅक शांततेत झोपतोय आणि उठेपर्यंत तोंड मिटून बसतोय. गाण्याआधी दोन सेकंदांची कोरी फाइल लावली की पुरे.

विलंबितातून द्रुतात जाताना मध्येच पोकळी येत असेल तर बघा, ती फाइल एमपी-३ आहे का. सीडीवर एकाच मैफिलीचे दोन तुकडे केलेले असतात, आणि एमपी-३ बनवताना दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. ती किती हे नीट नोंदलेलं असेल आणि प्लेयर ते वाचत असेल तर सांधा जुळतो. फ्लॅकमध्ये हा प्रश्नच नाही.

फक्त मोठ्या आवाजाला फाटत असेल, तार सप्तकातल्या तानेला किंवा तबल्याच्या चाटीला, तर विंडोजमधली ‘एन्हान्समेंट्स’ आणि प्लेयरमधला इक्वलायझर बंद करून ऐका. आकड्यांना कमाल मर्यादा असते. खर्ज वाढवायला पट्टी वर सरकवली की तान तिथे जाऊन आदळते.

या वर्षीच्या कॅलेंडरवर आतापर्यंत तीनच नोंदी आहेत. दोन ‘खर्र’, दोन्ही झड लागलेल्या दिवसांच्या, पिना पुसल्या. तिसरी परवाची: ‘८.२० टक्, दोन्हीकडे, लाइट आहे, वायफाय बंद.’ मागे नेऊन पुन्हा ऐकलं, त्याच सेकंदाला तीच टक्. बाबांनी स्वतः भरलेली कॅसेट होती. त्या ठिकाणी त्यांनी कॅसेटची बाजू उलटली होती.